जामखेडच्या डॉक्टरीणबाई : कै. डॉ. मेबल आरोळे

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत ज्यांची चरित्रे यावयाची ती मंडळी बहुधा आपल्याच वेदीपुढे गुडघे टेकून गेलेली असतात. आज ज्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत त्या रत्नागिरीच्या नव्हत्या, कोकणच्याही नव्हत्या, आणि ख्रिस्ती असल्या तरी आपल्या कॅथॉलिक पंथाच्याही नव्हत्या. असे असता त्यांस येथे स्थान का द्यावे, असे कोणी विचारल्यास आम्ही त्यास एवढेच सुचवू की, कोणत्याही जुन्या धर्मग्रामाची मृत्युनोंदवही त्याने एकदा उघडून पाहावी. त्या पिवळ्या पानांवर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या नावांबरोबर तान्ह्या लेकरांची नावेही दाटीने बसलेली आढळतात. कोणी नऊ दिवसांचे, कोणी चार महिन्यांचे, कोणी दुसरा उन्हाळा न पाहिलेले. त्या काळी लोक ह्यास देवाची इच्छा म्हणत आणि डोळे पुसून कामास लागत. देवाच्या इच्छेविषयी आम्ही येथे वाद घालीत नाही. परंतु ज्या मृत्यूच्या आड चिमूटभर मीठ, मूठभर साखर आणि उकळून निवविलेले पाणी येऊ शकते, त्याचा सगळा भार देवावर टाकणे हे काही भक्तीचे लक्षण नव्हे. ही गोष्ट महाराष्ट्राच्या एका दुष्काळी तालुक्यात ज्यांनी पतीच्या जोडीने प्रत्यक्ष करून व मोजून दाखविली, त्या डॉ. मेबल आरोळे होत.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी त्या वेळच्या मध्यप्रांतातील जबलपूर येथे एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव इम्मान्युएल. वडील जबलपूरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात अध्यापक असल्यामुळे घरात विद्येचे व प्रार्थनेचे वातावरण होते. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. ती त्यांनी पुढे शिकून घेतली. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. डॉ. आयडा स्कडर ह्या मिशनरी बाईंनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून आरंभिलेली ही संस्था तोवर हिंदुस्थानातील नामांकित संस्थांत गणली जाऊ लागली होती. तेथेच रजनीकांत आरोळे ह्या नगर जिल्ह्यातील राहुरीच्या तरुणाशी त्यांची ओळख झाली. रजनीकांतांचे आईवडील शिक्षक होते, आणि खेड्यातील माणूस औषधावाचून कसा जातो हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. दोघेही वर्गात अग्रभागी. मनात आणले असते तर मद्रास किंवा मुंबई येथे मोठा व्यवसाय थाटणे त्यांस अवघड नव्हते. १९६० साली त्यांचा विवाह झाला, आणि त्याच दिवशी उभयतांनी देवासमोर असा नेम केला की, आपले आयुष्य खेड्यांतील गोरगरिबांच्या सेवेत घालवावयाचे. लग्नाच्या दिवशी केलेले संकल्प पुष्कळ असतात. हा मात्र शेवटपर्यंत पाळला गेला.

१९६२ ते १९६६ ह्या काळात हे दांपत्य नगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन रुग्णालयात होते. काम भरपूर, लोकांचा विश्वास भरपूर, कीर्तीही होऊ लागली होती. तथापि त्यांस एक गोष्ट सारखी टोचत राहिली. जुलाबाने सुकलेले मूल यावे, त्यास शिरेतून पाणी द्यावे, ते हसू लागले म्हणजे आईने त्यास घरी न्यावे. आणि महिन्या दोन महिन्यांनी तेच मूल त्याच दशेत पुन्हा यावे, किंवा मुळीच येऊ नये. न येणाऱ्या मुलाची नोंद रुग्णालयाच्या वहीत होत नाही. ज्या रोगांनी खाटा भरत त्यांतील बहुतेक रोग घाणेरडे पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान ह्यांतून उत्पन्न होत, आणि त्यांचा उगम रुग्णालयाच्या भिंतीबाहेर होता. मूल आजारी पडते घरी, मरतेही घरी; मग त्यास वाचविणारी विद्या तेवढी चार कोसांवरच्या इमारतीत का ठेवावी, हा प्रश्न मेबलबाईंच्या मनात येथेच रुजला.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत १९६६ मध्ये दोघे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी रुग्णालयांतील उच्च शिक्षण पुरे केले व शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथील प्राध्यापक कार्ल टेलर हे मिशनरी आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले गृहस्थ. पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी चालविलेल्या संशोधनाने उपासमार आणि रोग ही जुळी भावंडे असल्याचे, आणि खेड्यात राहणाऱ्या साध्या कार्यकर्त्या बालमृत्यू कमी करू शकतात हे दाखविण्यास प्रारंभ केला होता.

येथे वाचकांस थोडे आफ्रिकेकडे नेणे भाग आहे, कारण बालकांच्या ह्या शास्त्राचा बराचसा पाया त्या खंडातील गरीब खेड्यांत घातला गेला. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना देश. तेथे सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९३३ साली सुजलेल्या, केस तांबूस झालेल्या, कातडी सोलून निघणाऱ्या मुलांच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठमोठ्या वैद्यांचा तो रोग निराळाच काही असल्याचा समज होता. ह्या बाईंनी तेथील स्त्रियांस विचारले. त्या त्यास क्वाशिओरकोर म्हणत, आणि त्या शब्दाचा आशय असा की, पाठचे भावंड आले म्हणजे अंगावरून तोडलेल्या मुलास होणारा आजार. निदान त्या शब्दातच होते : दूध सुटले, त्याच्या जागी नुसती मक्याची पेज आली, आणि मूल सुजले. मराठीत आता ह्यास सुजवटी म्हणतात व वाळत जाणाऱ्या मुलाच्या रोगास सुकटी. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी नायजेरियातील इलेशा भागात डॉ. डेव्हिड मॉर्ली ह्यांनी खेड्यातील मुले जन्मापासून महिन्याच्या महिन्यास तोलून त्यांच्या वजनाची रेषा एका कागदावर काढण्याची रीत बसविली, आणि तो कागद दवाखान्यात न ठेवता आईच्याच हाती दिला. रेषा आडवी झाली की मूल डोळ्यांस धडधाकट दिसत असले तरी संकट जवळ आले असे समजावे. पैसा नसलेल्या मुलखात शास्त्र कसे करावे ह्याचा हा धडाच होता : तराजू, कागद, आणि आईशी बोलणे.

१९७० साली आरोळे दांपत्य परत आले आणि नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास जामखेड येथे त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पास आरंभ केला. ह्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आपण कोकणातील माणसे; आभाळ फाटल्यासारखा पाऊस पाहण्याची आपणांस सवय. जामखेडचा मुलूख त्याच्या अगदी उलट : उघडी माळराने, कोरडे ओढे, ज्वारी पिकली तर पिकली. गरीब लोक ऊसतोडणीसाठी घरे सोडून जात. जागा मिळाली ती गुरांच्या एका जुन्या दवाखान्याची. त्यांनी गावकऱ्यांस अट एकच घातली, ती ही की, हे काम तुमचे आहे असे तुम्ही मानावे.

पहिली योजना मात्र जमली नाही. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परक्या गावात त्या रमेनात, आणि गावातील बायाही त्यांच्याजवळ मन मोकळे करीनात. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी व तिला शिकवून तयार करावे असे ठरले. निवडून आलेल्या बायांत बहुतेक निरक्षर होत्या. पुष्कळशा तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या. कित्येक विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. चौकात बोलण्याची ज्यांची छाती नव्हती त्यांच्या हाती मुलांचे प्राण सोपविण्याचा हा विचार ऐकून अनेक शहाणे लोक हसले असतील. वेल्लोर आणि बाल्टिमोर येथे शिकलेल्या स्त्रीने आपली विद्या अशा बायांच्या ओट्यात टाकावी, हे आम्हांस तिच्या चरित्रातील सर्वांत कठीण कृत्य वाटते. शस्त्रक्रिया करण्यास कौशल्य लागते. पण आपल्यावाचून काम चालावे अशी व्यवस्था स्वतःच्या हाताने लावण्यास निराळेच काही लागते.

ह्या बाया आठवड्यास जामखेडला येत. तेथे एकत्र स्वयंपाक, एकाच पंगतीस जेवण, एकाच खोलीत निजणे. जातीचा विटाळ तोंडाने नाकारण्यापेक्षा शेजारी बसून जेवण्याने तो लवकर जातो, हे मेबलबाईंनी ओळखले होते. प्रथम धीर, मग धडा. आपणही कोणी आहोत हे त्या बाईस पटल्यावाचून ती सासूसमोर उभी राहून सुनेच्या बाळाविषयी काय बोलणार? नंतर शिक्षण सुरू होई, आणि ते पुस्तकाने नव्हे. बाळ जन्मल्यावर येणारे पहिले घट्ट पिवळे दूध लोक घाण म्हणून पिळून टाकीत व दोन-तीन दिवस बाळास गुळाच्या पाण्यावर ठेवीत. ते दूध म्हणजे बाळाची पहिली लस होय हे शिकविले. नाळ स्वच्छ पात्याने कापावी, विळ्याने नव्हे. कारण त्याच जखमेतून धनुर्वात शिरतो. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर मऊ अन्न चालू करावे. छाती आत ओढून भराभर श्वास घेणारे मूल एक रात्रही घरी ठेवू नये.

जुलाबाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. खेडोपाडी, आणि आपल्या कोकणातही, पूर्वी अशी समजूत होती की, मुलाचे पोट वाहू लागले की त्याचे पाणी व अन्न बंद करावे. घागरीस भोक पडले असता तीत पाणी ओतण्याचे थांबवावे, तसलाच हा न्याय! आतड्यातून पाणी व क्षार निघून जातात, रक्त आटते, आणि मूल काही तासांत मान टाकते. साखरेचा अंश असला म्हणजे आतडे मीठ व पाणी आत ओढून घेते, हे शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केले. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांच्याजवळचे शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ते रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच पाजविले. पटकीने शेकडा वीस-तीस माणसे मरत होती, ती चारांखाली आली. ज्यांनी पाजिले ते वैद्य नव्हते, आया व भाऊ होते. जामखेडच्या बायांनी हेच औषध झोपडीझोपडीत नेले, आणि रात्री दोन वाजता मूल ओकू लागले तर शेजारच्या घराचे दार ठोठावण्याइतका दवाखाना जवळ आला.

काम नुकते सुरू झाले तोच दुष्काळ पडला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते तो अजून विसरले नाहीत. दांपत्याने औषधाची पेटी क्षणभर बाजूस ठेवून अन्नपाण्याचे पाहिले. गावोगाव सामाईक स्वयंपाकघरे उघडून लहान मुलांस तेथे जेवू घातले, आणि सर्व जातींची मुले एका ओळीत बसू लागली. कूपनलिका खोदण्याच्या वेळी जागा दलित वस्तीत निघेल अशी युक्तीही त्यांनी योजिली, जेणेकरून ज्यास पाणी हवे त्यास त्या वस्तीत यावेच लागे. ह्यात कोणी वैद्यकशास्त्र कोठे असे विचारील. स्वच्छ पाण्याच्या नळीने जितकी मुले वाचतात तितकी औषधाच्या बाटलीने वाचत नाहीत, हे ते शास्त्र.

चांगले काम करणारे पुष्कळ असतात. चांगल्या कामाचा हिशेब ठेवणारे थोडे. मेबलबाईंनी आरंभापासून जन्म, मृत्यू, लसी, मुलांची वजने ह्यांची मोजदाद ठेवविली. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती, म्हणजे जवळजवळ सहांत एक. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या अशा प्रयत्नांवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडचे प्रकरण ह्या पतिपत्नींनीच लिहिले आहे. १९७८ साली आल्मा-आटा येथे राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला, त्यामागे ज्या अनुभवांचा विचार होता त्यांत जामखेडही होते. पुढे मॅगसेसे पुरस्कार १९७९ साली व पद्मभूषण १९९० साली, दोन्ही उभयतांस मिळाले. १९९४ मध्ये दोघांनी जामखेडवर ग्रंथ लिहिला.

मुलाचे आरोग्य त्याच्या जन्मापासून सुरू होत नाही, हे मेबलबाईंस कामाच्या ओघात अधिकाधिक पटत गेले. आई जर पंधरा-सोळा वर्षांची, हाडे न भरलेली, रक्त फिके पडलेली पोर असेल, तर तिचे बाळ जन्मतःच तोळामासा असावयाचे. मुलगी घरात सर्वांमागून जेवते, भावाच्या ताटात दूध आणि तिच्या ताटात उरलेसुरले. म्हणून जामखेडात पुढे किशोरवयीन मुलींचे गट सुरू झाले. आपले शरीर, आपला आहार, लग्नाचे वय, शाळा न सोडणे, स्वतःचे रक्षण, ह्या गोष्टी मुलींस त्यांच्याच गावातील आरोग्यसेविका शिकवू लागल्या. बालवय आणि मातृत्व ह्यांच्या मधली ही काही वर्षे वैद्यांनी फार काळ दुर्लक्षिली होती : मूल मोठे झाले म्हणून बालवैद्य त्यास सोडी, आणि गरोदर नाही म्हणून सुइणीस तिची आठवण नसे.

आता एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण स्तुतिपर चरित्रांत ती सहसा गाळली जाते. २०१० साली संशोधकांनी जामखेडची गावे आणि शेजारची इतर गावे ह्यांची तुलना जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. जन्माचा पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालील मुलांत मृत्यूचे भय जामखेडच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. परंतु पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही. त्या चार आठवड्यांत बाळ ज्या कारणांनी जाते, म्हणजे वेळेपूर्वी जन्म, गुदमरणे, रक्तात पसरणारा जंतुदोष, ती अधिक हट्टी असतात. ह्या गाठीवर महाराष्ट्रातच दुसरीकडे काम झाले होते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी, जे स्वतः जॉन्स हॉपकिन्सलाच शिकून आले होते, ३९ गावांत साध्या ग्रामस्त्रियांस नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले, आणि नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. पुढे ही रीत आफ्रिकेतील काही देशांतही आजमाविली गेली. म्हणजे घाना व नायजेरियातून जो विचार निघाला तो जामखेड व गडचिरोलीवरून पुन्हा त्याच खंडाकडे गेला. मेबलबाईंच्या कामात जे उणे राहिले ते ह्या तुलनेने झाकले नाही, आणि त्यांच्या कीर्तीस त्याने बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी स्वतः मोजण्याची सवय लावली नसती, तर हा प्रश्न विचारण्याचे कोणास सुचलेही नसते.

आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठी दक्षिण आशियातील बालकांच्या आरोग्याचेही काम केले. १९९९ साली त्यांचे देहावसान झाले, डॉ. रजनीकांत हे मे २०११ मध्ये निवर्तले. मेबलबाई गेल्या तेव्हा जामखेडच्या शिक्षणवर्गास बाहेरून डॉक्टर व परिचारिका येऊ लागल्या होत्या, हिंदुस्थानच्या इतर प्रांतांतून आणि परदेशांतून, त्यांत आफ्रिकेतीलही. त्यांस तोलणे, लस, मीठ-साखरेचे पाणी आणि बाळंतिणीची निगा समजावून सांगण्यास जमिनीवर बसलेल्या बाया ह्या त्याच होत्या, ज्यांस तीस वर्षांपूर्वी चौकात बोलण्याची चोरी होती.